रॅम डिस्क आणि रोहिणखेडची सात पानं

मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या एका नव्या पोराने विचारलं, "बिल्ड फार हळू होतोय, रॅम डिस्क टाकू का? कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?" मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, शनिवारी लिहितो. तर लिहितोय.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. रॅम डिस्क म्हणजे मेमरीचा एक तुकडा बाजूला काढून संगणकाला "ही डिस्क आहे बरं का" असं पटवणं. संगणक बिचारा विश्वास ठेवतो. तुम्हाला एक नवा ड्राइव्ह दिसतो, त्यावर फायली ठेवा, फोल्डर करा, काय वाट्टेल ते. वेग प्रचंड, कारण फिरणारं-सरकणारं काहीच नाही. आणि वीज गेली की सगळं साफ.

ही युक्ती निघाली ती गरजेतून. १९७९-८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये जेरी कार्लिन नावाच्या माणसाने 'सिलिकॉन डिस्क सिस्टिम' लिहिली. तेव्हाच्या छोट्या संगणकांचा प्रोसेसर एका वेळी ६४ केबीच मेमरी बघू शकायचा. जास्त रॅम लावली तरी ती त्याला दिसणार कशी? कार्लिनने ती डिस्क म्हणून दाखवली. म्हणजे मुळात हा वेगाचा हव्यास नव्हता, दारातून आत न येणारं सामान खिडकीतून घेण्याचा प्रकार होता.

१९८४ साली आयबीएमने पीसी डॉस ३.० बरोबर व्हीडिस्क दिली, १९८६ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉस ३.२ बरोबर रॅमड्राइव्ह. काही न सांगता चालू केली तर आकार किती? ६४ केबी! आज एका व्हॉट्सॅप फोटोची अर्धी कड त्यात मावणार नाही. पण ज्याच्याकडे हार्ड डिस्कच नाही, नुसत्या दोन फ्लॉपी आहेत, त्याला वारंवार लागणारा एखादा प्रोग्रॅम त्यात ठेवता आला तरी दिवाळी.

आमच्या पिढीची ओळख झाली ती मात्र विंडोज ९८ च्या बूट फ्लॉपीमुळे. आठवतंय? फ्लॉपी घालून मशीन चालू केलं की एक छोटी रॅम डिस्क तयार व्हायची, फ्लॉपीत कोंबून बसवलेली हत्यारं तिच्यात उलगडली जायची, आणि आपला सीडी ड्राइव्ह नेहमीच्या अक्षरावरून एक घर पुढे सरकायचा. 'डी' वर सीडी शोधत मी कितीतरी वेळ घालवलाय. ती पुढे सरकवणारी हीच बया, हे फार उशिरा कळलं. असो.

आता रोहिणखेड.

माझं आजोळ बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यातलं रोहिणखेड. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याचं गाव. खानदेशातून वऱ्हाडात नि खाली दख्खनेत उतरणाऱ्या फौजांच्या वाटेवरचं. १४३७ मध्ये इथे बहमनी फौजेने खानदेशच्या नासिरखानाला हरवलं. १५९१ मध्ये अहमदनगरच्या गादीवरून इथेच लढाई झाली, बुऱ्हाण निजामशाह विरुद्ध जमालखान, आणि जमालखान पडला. बुऱ्हाणची लढाई कोणाशी होती म्हणाल, तर एका अर्थी स्वतःच्याच मुलाशी, कारण जमालखानाने त्याच्या पोराला गादीवर बसवून कारभार हातात घेतला होता. गावात खुदावंदखानाने १५८२ मध्ये बांधलेली दगडी मशीद आहे. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे कारण कोणीतरी ते लिहून ठेवलं, दगडात कोरलं. पण कुठल्या शेताला काय म्हणतात, कुठली विहीर कोणी खणली, ७२ च्या दुष्काळात कोण कुठे खडी फोडायला गेलं, हे ना फिरिश्त्याने लिहिलं ना गॅझेटिअरवाल्यांनी. ते आजोबांच्या डोक्यात होतं.

मामा गावात लग्नपत्रिका नि हँडबिलं करायचा. जुना संगणक, पेजमेकर, श्रीलिपी. २००६ च्या उन्हाळ्यात त्याने ठरवलं, बाबा सांगतील ते टाइप करून घ्यायचं. मी पुण्याहून सुट्टीवर गेलो होतो, नव्याने इंजिनिअर झालेला, म्हणजे विचारूच नका. मशीन रडत चालायचं. मी ५१२ एमबीची स्टिक बसवली आणि शहाणपणा करून एक फुकटची रॅम डिस्क टाकली. तात्पुरत्या फायली तिच्यावर, आणि मामाचा कामाचा फोल्डरही तिच्यावर. 'बंद करताना डिस्कवर प्रत काढा' या चौकोनात टिक केली. मशीन असं पळायला लागलं की मामाने शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

आठ दिवस सगळं ठीक चाललं. मामा रोज संध्याकाळी व्यवस्थित शट डाऊन करायचा, भारनियमनाचं वेळापत्रक पाठ होतं. नवव्या दिवशी आजोबा रंगात आले होते. सकाळपासून दुपारपर्यंत एकेक शेत घेऊन, बांधाबांधाने. आणि लाइट वेळेच्या तासभर आधी गेली. यूपीएसची बॅटरी म्हातारी, तिने एक 'कुंई' केलं आणि मान टाकली.

लाइट आल्यावर मामाचा फोन. "काहून रे भाचेराव, आजचं समदं कुठी गेलं?"

मला लगेच कळलं आणि घाम फुटला. प्रत निघते ती शट डाऊन होताना. वीज जाणं म्हणजे शट डाऊन नव्हे. मामा दर दहा मिनिटांनी इमानदारीत सेव्ह करत होता, पण सेव्ह करत होता हवेत. रिकव्हरीची सॉफ्टवेअरं चालवून उपयोग नव्हता, कारण हार्ड डिस्कवर ते कधी उतरलंच नव्हतं.

"आजोबांना परत सांगायला सांग ना," मी म्हटलं. आजोबा म्हणाले, सांगितलं न एकदा. मग दिवाळीत बघू असं ठरलं. आजोबा दिवाळीआधीच गेले. आठ दिवसांची सात पानं उरली.

तर आता त्या पोराच्या प्रश्नाकडे. पहिली गोष्ट, बहुतेकांना याची गरजच नाही. आजच्या सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम्स मोकळ्या रॅममध्ये नुकत्याच वाचलेल्या फायली आपणहून ठेवतात. दुसऱ्यांदा बिल्ड करताना तुमचा सोर्स बहुधा रॅममधूनच येत असतो. "एसएसडी झिजते हो" हे कारण लोक देतात, त्याचा हिशोब करून बघा. १ टीबीच्या साध्या एसएसडीला ६०० टीबी लिहिण्याची हमी असणं नेहमीचं. रोज ५० जीबी लिहिलंत तरी बारा हजार दिवस, म्हणजे बत्तीस-तेहेतीस वर्षं. तोवर मशीन तरी टिकेल का?

खरंच हवी असेल तर लिनक्सवर काही शोधायला नको, टीएमपीएफएस आत आहेच. आकार न सांगितल्यास रॅमच्या निम्म्यापर्यंत वाढते, आणि वापराल तेवढीच मेमरी खाते. विंडोजवर ओलोफ लागरक्विस्टची इमडिस्क फुकट नि ओपन सोर्स. पण एक मेख आहे. तिची साधी रॅम डिस्क व्हर्च्युअल मेमरीत असते, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज तीच उचलून हार्ड डिस्कवर टाकू शकतं! खरी रॅमच हवी असेल तर तसा वेगळा पर्याय निवडावा लागतो. सॉफ्टपरफेक्टचंही चांगलं आहे, जुन्या आवृत्त्या फुकट होत्या, नंतर पैसे लागू झाले. बेंचमार्कचे आकडे बघून निवडू नका, ते सगळ्यांचेच डोळे दिपवणारे असतात. बघायचं ते हे, की प्रत कधी काढतं? फक्त शट डाऊनला, की दर काही मिनिटांनीही? आणि प्रत काढता काढताच वीज गेली तर जुनी प्रत शाबूत राहते का? हा शेवटचा प्रश्न माहितीपत्रकात सहसा सापडत नाही. एखाद्या रिकाम्या मशीनवर ट्रायल टाका आणि प्लग खेचून बघा. मी खेचतो.

माझ्या स्वतःच्या मशीनवर रॅम डिस्कवर फक्त बिल्डचा कचरा असतो, जो पुन्हा तयार करता येतो.

ती सात पानं मी श्रीलिपीतून युनिकोडमध्ये आणली, जोडाक्षरं हाताने दुरुस्त करत दोन रविवार गेले. मामाला अधूनमधून काहीतरी आठवतं, रात्री-बेरात्री फोन करतो. गेल्या महिन्यात एका विहिरीचं नाव आठवलं, पण ती कोणी खणली ते नाही. आठवं पान आता दीड ओळीचं आहे.