राष्ट्रीय अभ्यासक्रमात राजूरचा इतिहास कोठे?

राजूर (ता. अकोले) : शालेय इतिहासात मोगलांना किती पाने द्यावीत आणि मराठ्यांना किती, यावर गेली काही वर्षे देशभर वाद झडत आहे. अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यात मात्र प्रश्न निराळा आहे. राजूरजवळच्या देवगावचे राघोजी भांगरे या पुस्तकांत कोठे बसतात, हा तो प्रश्न.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत व आश्रमशाळांत आजवर बालभारतीचीच पुस्तके चालत आली. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या (एनसीईआरटी) पुस्तकांशी येथील विद्यार्थ्याचा थेट संबंध नव्हता. तो आता येऊ लागला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्याचा अभ्यासक्रम राष्ट्रीय आराखड्याशी जुळवून घेण्याचे काम २०२५-२६ मध्ये पहिलीपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाले. त्यामुळे दिल्लीत काय बदलले, हे राजूरच्या पालकांनीही जाणून घेणे आवश्यक ठरते.

राष्ट्रीय पुस्तके बदलणे ही नवी गोष्ट नाही. जनता सरकारच्या काळात १९७८ मध्ये रामशरण शर्मा यांचे प्राचीन भारतावरील पुस्तक अभ्यासक्रमातून मागे घेण्यात आले. २००० च्या आराखड्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये फेटाळले. २००५ मध्ये पुन्हा नवा आराखडा आला. सरकार बदलले की इतिहास बदलतो, ही टीका दोन्ही बाजूंनी आलटून पालटून केली आहे.

अलीकडचा बदल अधिक खोल आहे. अभ्यासक्रमाचा भार कमी करण्याच्या नावाखाली २०२३ मध्ये बारावीच्या पुस्तकातून मोगल दरबारावरील प्रकरण गळाले. नंतर २०२३ च्या नव्या आराखड्यानुसार सहावीपासून इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र यांची वेगळी पुस्तके जाऊन समाजशास्त्राचे एकत्रित पुस्तक आले. सातवीतील दिल्लीची सुलतानशाही आणि मोगल आठवीत गेले. २०२५ च्या आठवीच्या पुस्तकात मराठ्यांना स्वतंत्र प्रकरण मिळाले. त्यातील नकाशात जैसलमेर मराठा साम्राज्यात दाखविल्यावरून राजस्थानात आक्षेप घेण्यात आला आणि परिषदेला तज्ज्ञ समिती नेमावी लागली.

या सगळ्यात सह्याद्रीतील महादेव कोळी कोठे आहेत? २००५ च्या आराखड्यानंतर आलेल्या आठवीच्या पुस्तकात आदिवासींवर स्वतंत्र प्रकरण होते. केंद्रस्थानी बिरसा मुंडा होते. शिवाय १८३१-३२ चा कोल उठाव, १८५५ चा संथाळ उठाव आणि महाराष्ट्रातून १९४० चा वारली उठाव यांची नोंद होती. (छोटा नागपूरचे कोल आणि येथील कोळी यांची गल्लत होऊ नये.) राष्ट्रीय पुस्तकाला सगळा देश कवेत घ्यावा लागतो, ही त्याची अडचण समजण्यासारखी आहे. म्हणूनच स्थानिक इतिहासाची जागा राज्याच्या पुस्तकांनी राखावी, ही अपेक्षा वावगी नाही.

ही जागा भरण्याजोगी सामग्री येथे भरपूर आहे. पेशवाई १८१८ मध्ये संपल्यावर डोंगरी किल्ल्यांवरील शिबंदीचे उत्पन्न गेले, सावकारांचा पाश आवळला, आणि १८२८ ते १८३० या काळात रामजी भांगरे यांच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. राघोजी हे त्यांचे पुत्र. त्यांचे बंड १८४४-४५ मध्ये भडकले. २ जानेवारी १८४८ रोजी पंढरपुरात ते पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या कारागृहात त्यांना फाशी देण्यात आली. १८५७ चे बंड त्यानंतर नऊ वर्षांनी झाले.

स्थानिक इतिहासासाठी बालभारतीने एक चांगली सोय केली होती. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक प्रत्येक जिल्ह्यासाठी स्वतंत्र काढण्यात आले. नव्या रचनेत ही जिल्हावार पुस्तके टिकतात की नाही, याकडे मोगलांच्या पानांइतकेच लक्ष असायला हवे. दहावीच्या २०१८ च्या पुस्तकातही इतिहासलेखनाच्या परंपरा शिकवताना वंचितांच्या इतिहासाचा विचार आला आहे. तो पाठ शिकवताना राजूरच्या शिक्षकाला उदाहरणासाठी फार लांब जावे लागत नाही. १८८४ चे अहमदनगर जिल्हा गॅझेटियर (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर) वर्गात आणता येते. त्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेतून लिहिलेला ‘भांगरिया’ सापडतो. देवगावात सांगितले जाणारे राघोजी त्याच्या शेजारी ठेवून पाहता येतात.