ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स खरंच 'गेलाय' का? मोठं बिल भरण्याआधी हे तपासा

सिग्नल सुटतो, गिअर 'डी'मध्ये असतो, पाय ॲक्सिलरेटरवर. इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी जागची हलायला दोन-तीन सेकंद घेते. मागचे हॉर्न वाजवायला लागतात. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये एकच वाक्य ऐकू येतं : 'साहेब, गिअरबॉक्स गेला.'

दहा-बारा वर्षं जुन्या गाडीच्या मालकासाठी हे वाक्य महागात पडतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून पुन्हा बांधायचा म्हटलं, तर खर्च कधी कधी गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जातो. त्यामुळे अनेक जण घाबरून गाडी मिळेल त्या किमतीला विकून टाकतात.

पण हीच लक्षणं कमी झालेलं ऑइल, बिघडलेला सेन्सर, कमजोर बॅटरी किंवा फाटलेलं इंजिन फाउंडेशन यांमुळेही दिसू शकतात. मग खरा दोष कुठे आहे, हे ओळखायचं कसं?

आधी हे बघा : तुमची ऑटोमॅटिक नेमकी कोणती?

क्लच पेडल नाही म्हणजे ऑटोमॅटिक, एवढं आपल्याला माहीत असतं. पण भारतातल्या रस्त्यांवर चार प्रकारच्या ऑटोमॅटिक गाड्या आहेत आणि चौघींची दुखणी वेगळी आहेत.

टॉर्क कन्व्हर्टर : हा सगळ्यात जुना प्रकार. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात थेट क्लच नसतो, ऑइलच्या प्रवाहातून ताकद पुढे जाते. इथे ऑइल हेच सर्वस्व.

सीव्हीटी : यात ठरावीक गिअर नसतात. दोन पुलींमध्ये एक स्टीलचा पट्टा किंवा साखळी फिरते. जोरात ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज आधी वाढतो आणि वेग मागून येतो. हा बिघाड नाही, तिचा स्वभाव आहे.

डीसीटी : दोन क्लच असलेला गिअरबॉक्स. गिअर झटपट बदलतो, पण ज्यांत कोरडे क्लच असतात ते मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये तापतात.

एएमटी : हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. भारतात हा प्रकार २०१४ मध्ये मारुती सेलेरिओसोबत आला आणि घराघरात पोहोचला. बहुतेक एएमटी गाड्यांच्या लिव्हरवर 'पी' नसतो, ही सोपी खूण. गिअर बदलताना हलका धक्का जाणवणं यात नेहमीचंच आहे.

ऑइल काय सांगतं?

टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी गाड्यांमध्ये तपासणीची सुरुवात ऑइलपासून होते. हे ऑइल फक्त वंगण नाही. त्याच्या दाबावर आतले क्लच पकडतात आणि सुटतात. दाब कमी पडला की पकड ढिली होते, पकड ढिली झाली की घर्षण वाढतं आणि त्या उष्णतेने क्लच जळतो.

म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा : गिअरबॉक्सचं ऑइल इंजिन ऑइलसारखं 'खर्च' होत नाही. पातळी कमी झाली असेल, तर कुठेतरी गळती आहेच. नुसतं वरून ऑइल भरणं हा इलाज नव्हे.

अनेक जुन्या गाड्यांत त्यासाठी वेगळी डिपस्टिक असते. बहुतेक गाड्यांत गाडी सपाट जागी उभी करून, गरम इंजिन चालू ठेवून, 'पी'मध्ये पातळी बघतात. होंडाच्या अनेक मॉडेल्समध्ये मात्र इंजिन बंद करून लगेच बघायची असते. त्यामुळे मॅन्युअल वाचूनच हात घाला. डिपस्टिकच नसेल, तर हे काम गाडी रॅम्पवर चढवूनच होतं.

पांढऱ्या कागदावर दोन थेंब टाकून रंग बघा :

- लालसर आणि पारदर्शक : ठीक.
- तपकिरी : जुनं झालंय, बदलायची वेळ.
- काळपट आणि करपलेला वास : आतले क्लच झिजून जळाले असण्याची शक्यता मोठी.
- दुधाळ गुलाबी, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं : ऑइलमध्ये पाणी किंवा कूलंट मिसळलंय. गाडी पुढे चालवू नका.

शेवटच्या प्रकाराचं कारण अनेकदा रेडिएटरमध्ये असतं. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरच्या आतल्या कूलरमधून थंड होऊन येतं. तो कूलर आतून फुटला की कूलंट ऑइलमध्ये शिरतं. पुराच्या पाण्यात अडकलेल्या गाड्यांत हेच पाणी गिअरबॉक्सच्या हवा सोडणाऱ्या नळीतून आत जाऊ शकतं. मुंबई-ठाण्याची जुनी गाडी घेताना हा थेंब बघाच.

काही सीव्हीटी ऑइल मुळातच हिरवट किंवा निळसर असतात. तिथे रंगापेक्षा वास आणि गढूळपणा महत्त्वाचा.

कोणत्या लक्षणाचा अर्थ काय?

गिअर टाकल्यावर उशीर : 'डी' किंवा 'आर' टाकल्यावर साधारण एका सेकंदात गाडीला ओढ जाणवायला हवी. सकाळी पहिल्यांदा चालू करताना दोन-तीन सेकंद लागत असतील, तर ऑइल कमी असणं, फिल्टर तुंबणं किंवा आतली रबरी सील कडक होणं, ही कारणं असू शकतात.

आरपीएम वाढतो, वेग वाढत नाही : याला स्लिप होणं म्हणतात. सीव्हीटीचा स्वभाव वगळता हे गंभीर लक्षण आहे. असंच चालवत राहिलं, तर छोटं काम मोठं होतं.

गिअर टाकताना 'धाड' आवाज : आधी इंजिन आणि गिअरबॉक्सचं फाउंडेशन बघा. रबर फाटलं असेल, तर चांगल्या गिअरबॉक्सचाही धक्का थेट केबिनमध्ये येतो. उतारावर उभ्या गाडीत 'पी'मधून लिव्हर काढताना आवाज येत असेल, तर ते सवयीचं दुखणं आहे. गाडीचं सगळं वजन 'पी'च्या छोट्या खटक्यावर पडतं. आधी हँडब्रेक, मग 'पी', हा क्रम पाळला की आवाज थांबतो.

५० ते ७०च्या वेगात हादरे : हलक्या ॲक्सिलरेटरवर रस्त्यावरच्या रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखं वाटतं. दोन संशयित असतात : टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच, नाहीतर इंजिनाचा प्लग किंवा कॉइल. मोकळ्या रस्त्यावर, मागे गाडी नसताना, ब्रेक पेडलला हलका स्पर्श करून बघतात. ब्रेकचा सिग्नल मिळताच बहुतेक गाड्यांत लॉकअप सुटतो. हादरे त्याच क्षणी थांबले, तर बोट लॉकअपकडे जातं. अशा वेळी योग्य ऑइल बदलून अनेकदा फरक पडतो.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकते : याला लिम्प मोड म्हणतात. गडबड कळली की कॉम्प्युटर गिअरबॉक्स वाचवण्यासाठी एकच गिअर धरून ठेवतो, म्हणजे तुम्ही हळूहळू घरी पोहोचावं. याचं कारण मोठं असेलच असं नाही. एखादा स्पीड सेन्सर किंवा ओलसर कनेक्टरही पुरेसा असतो.

लिव्हर 'पी'मधून हलतच नाही : मागे कुणाला तरी उभं करून ब्रेक दाबा. ब्रेक लाइट लागत नसेल, तर दोष बहुधा ब्रेकच्या स्विचमध्ये किंवा फ्यूजमध्ये आहे. ब्रेक दाबल्याचं कळल्याशिवाय गाडी लिव्हर सोडत नाही.

स्कॅनरचा कोड म्हणजे निकाल नव्हे

भारतात २०१३ नंतर बनलेल्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली स्कॅनर लावायची जागा असते. गिअरबॉक्सच्या तक्रारीत सगळ्यात जास्त दिसणारा कोड म्हणजे पी०७००. त्याचा अर्थ फक्त एवढाच : 'गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने काहीतरी नोंदवलंय, तिकडे बघा.' तेवढ्यावरून कुणी गिअरबॉक्स उघडायला सांगत असेल, तर थांबा.

खरी माहिती पुढच्या कोडमध्ये असते. पी०७१५ म्हणजे इनपुट स्पीड सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष. पी०७४० म्हणजे लॉकअप क्लचच्या सर्किटमध्ये गडबड. पी०७३० म्हणजे अपेक्षित गिअर आणि प्रत्यक्ष वेग यांचं गणित जुळत नाही, आणि हा इशारा जास्त काळजीचा. मोबाइलला जोडायचे स्वस्त स्कॅनर अनेकदा इंजिनाचेच कोड वाचतात. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर गॅरेजकडे आहे का, हे आधी विचारा.

स्कॅनच्या आधी बॅटरी तपासून घ्या. व्होल्टेज कमी पडलं की कॉम्प्युटर गोंधळतात आणि खोटे कोड येतात.

एएमटीचा हिशोब वेगळा

एएमटी झटके देते किंवा चढावर ओढत नाही, तेव्हा पहिला संशय क्लच प्लेटवर घ्यायचा, अगदी मॅन्युअल गाडीसारखा. दुसरा संशय क्लच आणि गिअर हलवणाऱ्या ॲक्चुएटरवर. कधी कधी नुसतं स्कॅनरने क्लचचं 'लर्निंग' पुन्हा केलं तरी गाडी सुधारते.

घाटात किंवा चढावरच्या सिग्नलला ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणं ही एएमटी आणि डीसीटीच्या क्लचची सगळ्यात मोठी शत्रू. क्लच जळतो तो तिथेच.

जुन्या गाडीचं ऑइल बदलावं की नाही?

'इतकी वर्षं बदललं नाही, आता बदललं तर गिअरबॉक्स बसेल', असं अनेक जण सांगतात. यात अर्धंच तथ्य आहे. गाडी आधीच स्लिप होत असेल आणि ऑइल करपलं असेल, तर क्लचचं अस्तर संपलेलं असतं. नवं ऑइल ते परत आणू शकत नाही, आणि मग दोष ऑइलवर येतो.

पण गाडी नीट चालतेय, ऑइल फक्त जुनं आहे, तर ते बदलणं फायद्याचं. एका वेळी सगळं ऑइल निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून मशीनच्या दाबाने धुण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा काढून भरणं सुरक्षित. ऑइल मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच हवं. सीव्हीटीत साधं गिअर ऑइल टाकणं म्हणजे पट्ट्याची पकड घालवणं.

गॅरेजला काय विचाराल?

१. कोणते कोड आले, त्याचा फोटो द्या.
२. ऑइलचा नमुना आणि खालचा पॅन उघडल्यावरचा फोटो दाखवा. चुंबकावर राखाडी, मऊ लेप असणं स्वाभाविक आहे. डोळ्यांना दिसणारे धातूचे तुकडे मात्र आतली मोडतोड सांगतात.
३. फाउंडेशन, बॅटरी, वायरिंग आणि सेन्सर तपासले का?
४. ऑइलचा दाब मोजला का?
५. खर्चाचा अंदाज लेखी द्या.

जुनी गाडी विकत घेताना विक्रेत्याला इंजिन आधी गरम करू देऊ नका. उशीर आणि धक्के थंड गाडीतच उघडे पडतात. कोड नुकतेच पुसलेत का, हेही चांगल्या स्कॅनरवर कळतं.

आणि गाडी रस्त्यातच बंद पडली तर?

ज्या चाकांवर गाडी चालते, ती चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका. बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये ऑइलचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाकं फिरत राहिली, तर गिअरबॉक्स आतून कोरडा फिरतो. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल, तर पुढची चाकं उचलून न्या. चारही चाकांवर चालणारी असेल, तर सपाट ट्रकच मागवा. दुरुस्त होण्यासारखा गिअरबॉक्स टो करताना खराब झाला, तर ते बिल कुणीच परत देत नाही.