गोधडी : नगर जिल्ह्याच्या इतिहासाचे एक अलिखित साधन

नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या मार्गदर्शनाखाली जे उत्खनन झाले, त्यात ताम्रपाषाणयुगातील एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. मणी ओवलेल्या दोऱ्याचा अंश तांब्याच्या क्षारांमुळे टिकून राहिला होता, व तपासणीत तो कापूस आणि रेशीम यांचा असल्याचे आढळले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा हा दोरा केवळ धातूच्या संगतीमुळे वाचला. त्या काळी अंगावर घेतलेल्या वा अंथरलेल्या वस्त्रांची मात्र माती झाली. वस्त्राच्या इतिहासाची ही मूळ अडचण होय. जी वस्तू सर्वांत अधिक वापरली जाते, तीच सर्वांत कमी टिकते.

आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील गोधडीस हा नियम तंतोतंत लागू पडतो. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये हातमागावरील लुगड्यांच्या धंद्याचे वर्णन आहे. मागावर उत्पन्न होणाऱ्या मालाला बाजारभाव होता, म्हणून त्याची नोंद झाली. परंतु तेच लुगडे जीर्ण झाल्यावर घरातील बायकांच्या हाती त्याचे जे दुसरे आयुष्य सुरू होई, त्याला बाजारात किंमत नव्हती. साहजिकच ते दप्तरात शिरले नाही.

हे दुसरे आयुष्य कसे घडते, ते पाहणे उद्बोधक आहे. सुगी आटोपल्यावर व पावसाळ्यापूर्वी, उन्हाळ्याच्या रिकाम्या दिवसांत, साठवलेले जुनेर धुऊन काढतात. सारवलेल्या जमिनीवर अस्तर पसरून कडांवर दगड ठेवतात. त्यावर चिंध्यांचे थर व वर पुन्हा धडपे किंवा ठिगळे येतात. मग शेजारणी कडेकडेने बसून धावदोरा घालू लागतात. टाक्यांच्या ओळी काठापासून आत सरकत मध्याशी येतात. आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या, असा हा व्यवहार असतो. शेतीच्या कामात जिला सावड म्हणतात, तिचेच हे घरगुती रूप होय. सासरी आलेली मुलगी टाका शिकते तो याच बैठकीत.

येथे आधी काढलेला नमुना नसतो. लुगडे कोठे विरले व कोठे धड राहिले, यावर तुकड्याचा आकार ठरतो. शेजारचा तुकडा पाहून पुढचा लावला जातो. याला अडाणीपणा म्हणणे चुकीचे ठरेल. कापडाची टंचाई ही मर्यादा मान्य करून, तिच्या आत रंगांची व आकारांची निवड करण्याची ही रीत आहे, व ती निवड प्रत्येक हाताची वेगळी असते.

इतिहासाच्या अभ्यासकाने गोधडी वाचावयाची कशी? जुनी गोधडी फाटली की पुष्कळदा तीच आत घालून वर नवे कापड शिवतात. त्यामुळे तिच्यात उत्खननातल्यासारखे थर सापडतात. कोणताही थर त्यातील सर्वांत नव्या कापडाहून जुना असू शकत नाही. १९६० नंतरच्या दशकांत खेड्यांत पसरलेले पॉलिएस्टरचे कापड वर दिसले, तर ते शिवण त्यानंतरचे होय. आतील शिवणीचा काळ मात्र स्वतंत्रपणे ठरवावा लागतो. टाक्यांच्या लांबीतील फरकावरून एकाहून अधिक हातांचा अंदाज करता येतो. पण ते हात कोणाचे, हे कापड सांगत नाही.

हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. १९५० च्या अखेरीस लोणी येथे प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. त्या सहकारी चळवळीचे सभासद, भागभांडवल व गाळपाचे आकडे लेखी उपलब्ध आहेत. ऊसतोडीसाठी पाथर्डीसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यांतून जी कुटुंबे दरवर्षी घर सोडून जात आली, त्यांच्या बैलगाडीतील गोधड्यांची नोंद कोठे असणार? उसाच्या फडाजवळील कोपीत थंडीचे चार-पाच महिने त्या कुटुंबांचे रक्षण ज्या वस्तूने केले, ती हिशेबाबाहेरच राहिली.

अमेरिकेतील उदाहरण येथे तुलनेस घेण्यासारखे आहे. अलाबामा राज्याच्या विल्कॉक्स परगण्यातील कृष्णवर्णीय स्त्रियाही जुन्या कपड्यांपासून अशाच, नमुन्याविना, गोधड्या शिवीत. नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, १९६६ साली, त्यांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था स्थापन केली. याच परगण्यातील जीज बेंड वस्तीतील गोधड्यांचे २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात प्रदर्शन झाले, ते शिवणाऱ्या स्त्रियांच्या नावांसह. कौशल्य दोन्हीकडे आहे. अंतर आहे ते नोंदीचे. ज्या जिल्ह्याने सहकाराचा पाया घालण्यात पुढाकार घेतला, तेथे सावडीने शिवणाऱ्या स्त्रियांचे नाव कोणत्याही वहीत चढले नाही, ही विसंगती लक्षात घेतली पाहिजे.

सुती लुगड्याचा वापर ओसरत चालला आहे व गिरणीची ब्लँकेटे घरोघर पोहोचली आहेत. म्हणजे गोधडीचा कच्चा माल व तिची गरज, दोन्ही एकदमच आटत आहेत. अशा वेळी केवळ गोधड्या गोळा करून संग्रहालयात टांगणे पुरेसे नाही. कोणते लुगडे कोणाचे, बैठकीस कोण बसले, गोधडी कोणासाठी शिवली, हे शिवणारीच्या तोंडून, ती हयात असतानाच, लिहून घेतले पाहिजे. नेवाशाच्या दोऱ्यास तांब्याने वाचविले. गोधडीमागच्या नावांना वाचविणारे दुसरे काही नाही.