बँजोचें जन्मसाल

जुन्या वस्तूचें मोल पुष्कळदां तिच्या वयावर ठरतें, आणि वय ठरविण्याच्या कामीं घरोघरच्या आठवणी बहुधा कच्च्या साक्षीदार असतात. आजोबांनीं बाजारांतून आणलेली वस्तु पाहतां पाहतां पणजोबांची होते. उलट खरोखर जुनी वस्तु मुलांचें खेळणें समजून मोडींत जाते. भंडारा जिल्ह्यांतील सिहोऱ्यासारख्या गांवीं एखाद्या घराच्या माळ्यावर लांबट लाकडी पेटी, तीवर ताणलेल्या तारा आणि टंकलेखन-यंत्रासारख्या वाटोळ्या कळा असें कांहीं निघालें, तर दुसरा प्रकार घडण्याचाच संभव अधिक. त्या वस्तूस कोणी बँजो म्हणेल, कोणी बुलबुल तरंग. ती जपानी कीं देशी, युद्धापूर्वींची कीं नंतरची, हें सांगणारा मात्र विरळाच. आणि मोडीवाला तर तें विचारणारहि नाहीं.

बँजो हें नांवच प्रथम फसवितें. खरा बँजो म्हणजे आफ्रिकेंतून गुलाम करून नेलेल्या लोकांनीं अमेरिकेच्या भूमीवर घडविलेलें, चामडें ताणलेलें वाद्य. महाराष्ट्रांतील बँजोचा त्याच्याशीं कुळाचा संबंध नाहीं. याचें जन्मस्थान जपानमधील नागोया शहर, आणि जन्मसाल १९१२. मोरिता गोरो यानें त्या सालीं हें वाद्य सिद्ध केलें. टंकलेखन-यंत्राची कळ दाबली कीं अक्षर उमटतें. त्याच धर्तीवर येथें कळ दाबली कीं तिची पट्टी तारेवर ठराविक जागीं टेकते, तारेची कंप पावणारी लांबी कमी होते आणि हवा तो स्वर निघतो. डाव्या हातानें कळा दाबावयाच्या व उजव्या हातांतील नखीनें तारा छेडावयाच्या. स्वराची जागा अचूक शोधण्यासाठीं सतारियास जी तपश्चर्या करावी लागते, ती येथें यंत्रानेंच करून ठेविलेली असते. त्याच वर्षीं जपानचे सम्राट् मेइजी निवर्तले व ताइशो कालगणना सुरू झाली. म्हणून वाद्यास ताइशोगोतो, म्हणजे ताइशो काळांतील कोतो, असें नांव पडलें.

स्वस्त, हलकें आणि शिकावयास सोपें असें हें वाद्य विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जपानी मालाबरोबर हिंदुस्थानच्या बंदरांत उतरलें. बलुचिस्तानांत तें बेंजू झालें, अन्यत्र बुलबुल तरंग झालें, कव्वालीच्या साथीस बसलें. महाराष्ट्रांत त्यास विजेची जोड मिळाली व कर्ण्यांतून गर्जणारा बँजो गणपतीच्या मिरवणुकींत चालूं लागला. २०१६ सालीं रवी जाधव यांनीं याच वाद्याचें नांव देऊन हिंदी चित्रपट काढला. दरम्यान येथील कारागीरहि तशींच वाद्यें घडवूं लागले होते. मूळ कोणतें व अनुकरण कोणतें, हा प्रश्न तेथून उत्पन्न झाला.

तो सोडविण्याची रीत मराठी इतिहाससंशोधकांस नवी नाहीं. जुनें पत्र हातीं आलें कीं कागद, अक्षराचें वळण, शिक्का आणि कालगणना या चारहि गोष्टी एकमेकींशीं ताडून पाहावयाच्या, हा त्यांचा शिरस्ता. वाद्यासहि तीच कसोटी लावावी.

प्रथम कालगणना. जपानी मालावर साल असल्यास तें पुष्कळदां सम्राटाच्या राजवटीचें असतें. शालिवाहन शकांत ७८ मिळवून जसा इसवी सन बहुतेक निघतो, तसे ताइशो वर्षांत १९११ व शोवा वर्षांत १९२५ मिळवावेत. शोवा १० म्हणजे १९३५. मात्र हा आंकडा नोंदणीचा असेल, तर वाद्य त्या सालचेंच असें नव्हे. तें त्याच्या आधींचें नाहीं, एवढेंच सिद्ध होतें.

दुसरा शिक्का. परदेशी मालावर मूळ देशाचें नांव असावें असा कायदा अमेरिकेनें १८९० सालीं केला, म्हणून जपानी मालावर ‘निप्पॉन’ हा शब्द येऊं लागला. हा शब्द इंग्रजी नव्हे असा निर्णय १९२१ सालीं झाल्यावर त्याजागीं ‘जपान’ आलें. ‘ऑक्युपाइड जपान’ ही खूण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या परसत्तेच्या काळांतील, म्हणजे १९४५ ते १९५२ या अवधींतील. परंतु हे नियम अमेरिकेस जाणाऱ्या मालाचे होते. हिंदुस्थानांत आलेल्या वस्तूवर अशी खूण असल्यास तिला पुरावा न म्हणतां सूचना म्हणावें.

तिसरें अक्षर. युद्धापूर्वीं जपानी लोक आडव्या पाट्यांवरील मजकूर पुष्कळदां उजवीकडून डावीकडे लिहीत. युद्धानंतर ही चाल मोडली. शिवाय १९४९ सालीं अनेक अक्षरांचीं रूपें सरकारी रीतीनें सोपीं करण्यांत आलीं. ‘गाक्की’ म्हणजे वाद्य, या शब्दाचें पहिलें अक्षर त्यांतलेंच. जुन्या रूपांत माथ्याच्या दोन्ही बाजूंस गुंडाळलेल्या धाग्यासारख्या आकृती असतात. नव्या रूपांत त्यांच्या जागीं लहान फटकारे उरले. जपानी भाषेचें ज्ञान नसलेल्या माणसासहि भिंगानें हा भेद दिसेल.

चौथी कागदाच्या जागीं येणारी वस्तु, म्हणजे वाद्याची घडण. चौफुलीच्या खाचेच्या स्क्रूचें एकस्व अमेरिकेंत हेन्री फिलिप्स यास १९३६ सालीं मिळालें. तसा स्क्रू मुळापासून बसविलेला असेल, तर वाद्य त्यापूर्वींचें असूं शकत नाहीं. विजेच्या जोडणीचेंहि तसेंच. लोहचुंबकाभोंवतीं तारेचें वेटोळें असतें. वरची पोलादी तार कंप पावली कीं वेटोळ्यांत क्षीण प्रवाह उत्पन्न होतो आणि तोच पुढें वाढवून ध्वनि मोठा केला जातो. या तत्त्वावरील रिकनबॅकर गिटार अमेरिकेंत १९३२ सालीं बाजारांत आली. तेव्हां १९२० च्या सुमाराच्या पेटीवर असें वेटोळें आढळल्यास तें मागाहून बसविलेलें समजावें. पेटीचें वय निराळें, विजेचें निराळें.

हीच रीत जपानी विद्युत्-गिटारींसहि लागू पडते. नागोयाच्याच होशिनो गाक्की या १९०८ सालच्या पेढीनें आयबानेझ नांवाच्या गिटारी विकल्या. त्यांतील पुष्कळ मात्सुमोतो येथील १९६० सालीं निघालेल्या फुजिगेन कारखान्यांत तयार झाल्या. त्याच कारखान्यांतून इतर नांवांच्याहि गिटारी बाहेर पडत. म्हणून माथ्यावरचें नांव विक्रेत्याचें, कर्त्याचें नव्हे. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांतील आयबानेझ गिटारींच्या क्रमांकांत मात्र पहिलें इंग्रजी अक्षर महिना व पुढील दोन आंकडे साल दाखवितात: ‘सी ७८’ म्हणजे मार्च १९७८.

या सर्वांतून एकच सूत्र निघतें. वाद्याच्या मूळ भागांपैकीं जो सर्वांत उशिराचा, त्याच्या पूर्वीं तें वाद्य जन्मलें असणें शक्य नाहीं. एकट्या खुणेवर विसंबूं नये. तीन खुणा एकमुखानें बोलल्या तर मात्र ऐकावें. आणि खुणा कांहींच न बोलल्या, शिक्का नाहीं, जपानी अक्षर नाहीं, हातानें कापलेल्या पट्ट्या थोड्या कमीजास्त आहेत, तर निराश होण्याचें कारण नाहीं. तें एखाद्या देशी सुताराच्या वा लोहाराच्या हातचें असण्याचा संभव आहे. मोरिताचें नांव इतिहासांत राहिलें. त्या कारागिराचें नांव कोठेंच लिहिलेलें नाहीं. त्याची उरलेली एकमेव सही म्हणजे ती पेटीच. मोडीवाल्याच्या तराजूंत टाकण्यापूर्वीं ती एकदां उलटून पाहावी, हें उत्तम.