साठवणीची मजुरी

भंडारदऱ्याच्या पलीकडे, कोकणात उतरणाऱ्या कड्याच्या धारेवर घाटघर आहे. वर प्रवरेचं पाणी अडवलेलं, खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याजवळ दुसरं धरण, आणि दोन्हींमध्ये चारशे मीटरहून जास्त उंचीचा फरक. रात्री ग्रिडमध्ये वीज उरली की इथली यंत्रं पंप होऊन खालचं पाणी वर चढवतात. संध्याकाळी मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून १२५ मेगावॅटचे दोन संच चालतात.

भार प्रेषण केंद्रात पाळीवर असताना या दोन संचांवर माझा फार जीव होता. थंड पडलेला औष्णिक संच पेटवून ग्रिडला जोडायला कित्येक तास जातात. घाटघरला निरोप गेला की काही मिनिटांत पडद्यावरचा आकडा चढू लागायचा. २००८ साली हे संच आले तेव्हा राज्यात भारनियमन चालू होतं. संध्याकाळचे अडीचशे मेगावॅट ही तेव्हा मोठीच गोष्ट होती. हिशेबात मात्र हे संच कायम मार खायचे. पाणी चढवायला चार युनिटं घालायची तेव्हा जेमतेम तीन परत मिळतात. साठवणारा नवं काहीच निर्माण करत नाही, नेमक्या वेळी देतो, एवढंच. त्याची मजुरी सार्वजनिक तिजोरीतून निघायला हवी, कारण संध्याकाळी न गेलेली वीज सगळ्यांच्याच घरात असते.

उभारणीसाठी घाटघरला सरकारी पैसा मिळालाही होता: १९८८ साली जपानच्या सरकारी निधीतून सवलतीचं कर्ज मिळालं. तरी वीज यायला वीस वर्षं लागली.

सरदार सरोवराची गोष्ट मला जास्त सलते. तिथल्या नदीपात्रातल्या वीजघरात २०० मेगावॅटचे सहा संच बसवले, तेही उलटे फिरून पाणी उपसू शकतील असे. २००६ पर्यंत सगळे चालू झाले. पण पाणी परत उचलायचं तर ते खाली थोपवून धरायला हवं, आणि त्यासाठीचा गरुडेश्वरचा बंधारा तेव्हा झालेलाच नव्हता. पुढे कित्येक वर्षं ही १,२०० मेगावॅटची यंत्रं फक्त वीज काढत राहिली, पाणी वर चढवण्याचं काम त्यांना मिळालंच नाही. त्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के, आणि तिच्यासाठी धडगाव-अक्कलकुव्याकडची आमची ३३ गावं बुडितात गेली. काढलेल्या विजेचे पैसे मिळत होते, साठवणीचे कुणी देत नव्हतं. मग बंधाऱ्याची घाई कुणाला असणार, असं मला वाटतं.

केंद्र सरकारनं साठवणीसाठी थेट हात सैल सोडला तो सूर्याची वीज दुपारी उतू जाऊ लागल्यावर. सप्टेंबर २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं ४,००० मेगावॅट-तास बॅटऱ्यांसाठी भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत निधी मंजूर केला. त्यात अर्थसंकल्पातले ३,७६० कोटी होते. यातली किमान ८५ टक्के साठवण वीज वितरण कंपन्यांच्या वाट्याला यावी, ही अट मला फार मोलाची वाटते. २०२५ मध्ये आणखी ३०,००० मेगावॅट-तासांसाठी ५,४०० कोटी आले. बॅटऱ्या स्वस्त होत चालल्या होत्या, म्हणून या वेळी टक्केवारी सोडून मेगावॅट-तासाला १८ लाख असा ठोक दर धरला.

पाण्याच्या साठवणीची पाळी सप्टेंबर २०२४ मध्ये आली. १२,४६१ कोटींच्या जलविद्युत योजनेत उदंचन, म्हणजे घाटघरसारखं पाणी वर चढवून साठवणाऱ्या, प्रकल्पांनाही घेतलं. आधी फक्त रस्ते-पुलांना पैसे मिळत. आता पारेषण वाहिन्या, रोपवे, रेल्वे सायडिंगलाही मिळतात. २०० मेगावॅटपर्यंत मेगावॅटला एक कोटी, त्यावर पाऊण कोटी. घाटघर आज बांधायला काढलं असतं तर २३७.५ कोटींपर्यंत मदत मिळू शकली असती.

सह्याद्रीत आता पुन्हा मोजणीदार हिंडू लागले आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरनं शिरवता आणि भिवपुरी इथल्या मिळून २,८०० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांसाठी राज्य सरकारशी करार केला. शिरवत्याचा तलाव शंभरेक वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी झाला होता. या कामांना सरकारी पैसा जावा, जरूर जावा. पण उभारणीच्या टप्प्यांवर हप्ते देऊन मोकळं होऊ नये. शेवटचा हप्ता तरी उपशाच्या तासांवर द्यावा. कोणत्या संचानं किती वीज घेतली आणि किती परत दिली, हे भार प्रेषण केंद्रात दर पंधरा मिनिटांनी टिपलेलं असतंच.