सायकलच्या दिव्याची गोष्ट

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरातून अहिल्यानगरकडे (अहमदनगरकडे) जाणारा रस्ता छावणी, गोलवाडी, पंढरपूर ओलांडून वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पोचतो. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना तेथे सुरू झाला आणि या रस्त्यावरची कामगारांची ये-जा वाढली. त्यात सायकलवाले होतेच. सायकलने साधारण तासाभराचा हा प्रवास. पाळी सुटते तेव्हा रात्र झालेली असते आणि मागून मालमोटारी येत असतात. अशा ठिकाणी सायकलला दिवा असणे ही हौसेची बाब राहत नाही.

‘सायकलसाठी बॅटरीवरचा कोणता दिवा घ्यावा?’ असा प्रश्न विद्यार्थी आम्हाला विचारतात. दुकानात शंभर रुपयांपासून काही हजारांपर्यंत दिवे आहेत. उत्तर देण्याआधी आम्ही त्यांना या दिव्याचा इतिहास सांगतो, कारण योग्य दिवा कसा पारखावा हे त्यातूनच कळते.

सायकलचे पहिले दिवे तेलाचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास यांचे ‘किंग ऑफ द रोड’ नावाचे दिवे प्रसिद्ध होते. तेलाच्या दिव्याचा उजेड मिणमिणता, शिवाय खड्ड्यात आदळले किंवा वारा लागला की ज्योत विझे. १८९२ मध्ये थॉमस विल्सन यांना कॅल्शियम कार्बाइड स्वस्तात तयार करण्याची रीत सापडली. या कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो लख्ख पांढऱ्या ज्योतीने जळतो. (आंबे पिकवण्यासाठी चोरून वापरले जाते तेच हे कार्बाइड. त्या वापरावर आपल्याकडे बंदी आहे.) उजेडाचा प्रश्न सुटला, पण रोज दिवा साफ करणे, खडे भरणे, पाण्याचे थेंब जुळवणे ही कटकट मागे लागली.

पुढचे पाऊल डायनामोचे. त्यामागचे तत्त्व मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्येच दाखवले होते : तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक फिरवला की वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. आमच्या लहानपणी बऱ्याच सायकलींच्या टायरला बाटलीसारखा डायनामो टेकवलेला असे. ६ व्होल्ट, ३ वॅट, त्यातले २.४ वॅट पुढच्या दिव्याला आणि ०.६ वॅट मागच्याला. सेलचा खर्च नाही, पण उजेड फुकटही नाही. सावकाश सायकल चालवणारा माणूस ५० ते ७५ वॅट शक्ती लावतो. डायनामोची कार्यक्षमता बेताची असल्याने ३ वॅटसाठी सात-आठ वॅट जादा लावावे लागतात. डायनामो टेकवला की पायडल जड का होते, ते यावरून कळेल.

पुढचा बल्ब गेला की लगेच मागचाही जाई, हे अनेकांना आठवत असेल. डायनामो ठरावीक वेगाला साधारण ठरावीक विद्युतप्रवाह देतो. पुढचा बल्ब त्यातला मोठा वाटा घेत असे. तो गेला की सगळा प्रवाह मागच्या चिमुकल्या बल्बवर येई. पण याहून मोठा दोष असा, की सायकल थांबली की दिवा बंद. उजवीकडे वळण्यासाठी रस्त्याच्या मध्यावर थांबलेला सायकलस्वार नेमका त्याच वेळी अंधारात असे.

बॅटरीवरच्या दिव्याला हा दोष नाही. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचा दुसराच दोष होता : सेल दोन-तीन तासांत संपत. जपानमधल्या ओसाका शहरात कोनोसुके मात्सुशिता नावाचा तरुण कारखानदार होता. लहानपणी त्याने सायकलच्या दुकानात उमेदवारी केली होती, त्यामुळे गिऱ्हाइकांची अडचण त्याला ठाऊक होती. कमी प्रवाह घेणारा छोटा बल्ब वापरून, अनेक नमुने करून पाहून १९२३ मध्ये त्याने बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा दिवा तयार केला. तो तीस तासांहून अधिक चाले. घाऊक व्यापाऱ्यांचा मात्र विश्वास बसेना. तेव्हा मात्सुशिताने किरकोळ दुकानदारांकडे दिवे नेऊन ठेवले, त्यातला एक पेटता ठेवला आणि तो किती तास चालतो ते तुम्हीच पाहा, म्हणून सांगितले. दिवा चालत राहिला आणि मागणी आली. हीच कंपनी आज पॅनासोनिक या नावाने ओळखली जाते.

यानंतरची मोठी झेप एलईडीची. १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी लाल प्रकाशाचा एलईडी बनवला. निळ्यासाठी आणखी तीन दशके लागली. तो साधल्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणाऱ्या स्फुरदीप्त पदार्थाचा थर दिला की पांढरा उजेड मिळतो. जुन्या हातबॅटरीतला तारेचा बल्ब बरीचशी ऊर्जा उष्णतेत घालवी. तेवढ्याच ऊर्जेत चांगला एलईडी दहापटीहून अधिक प्रकाश देतो.

आता निवडीकडे वळू. दिव्यात ३.७ व्होल्ट, २००० मिलिॲम्पिअर-तास क्षमतेचा लिथियम सेल आहे असे समजा. त्यातली ऊर्जा झाली ३.७ × २ = ७.४ वॅट-तास. ३ वॅटच्या प्रखर उजेडात तो जेमतेम अडीच तास चालेल, १ वॅटवर सात तास. जाऊन-येऊन दोन तास अंधारात सायकल चालवणाऱ्याला प्रखर दिवा रोज चार्ज करावा लागेल, आणि रात्री वीज गेली तर दुसऱ्या दिवशी दिवा नाही. म्हणून आम्ही मंद उजेडाची सोय असलेला, शक्यतो सेल बदलता येणारा दिवा सुचवतो.

पुढचा दिवा आपल्याला दिसावे म्हणून असतो, मागचा लाल दिवा आपण दिसावे म्हणून. मागच्याला ऊर्जा फार थोडी लागते, तरीही बहुतेक जण त्याचाच विचार शेवटी करतात. पैसे एकाच दिव्यापुरते असतील तर आमच्या मते मागचा आधी घ्यावा. पुढे घरातली हातबॅटरी घट्ट बांधून तात्पुरते भागवता येते.

खोक्यावर छापलेल्या तासांवर विसंबू नये. मात्सुशिताने दुकानदारांना जे करायला सांगितले, ते वर्गातही करता येईल. दोन-तीन वेगवेगळे दिवे पूर्ण चार्ज करून शाळा भरताना लावा. दर अर्ध्या तासाने एका विद्यार्थ्याला ठरावीक अंतरावरून पुस्तकातली एक ओळ त्या उजेडात वाचायला सांगा. प्रयोग अंधाऱ्या खोलीत करा आणि वेळ फळ्यावर लिहा. कोणता दिवा घ्यावा, ते शाळा सुटेपर्यंत मुलेच सांगतील.