चहात ‘शुगर फ्री’ गोळी टाकली, तर नेमकं काय कमी होतं?

लातूर-नांदेडकडे ‘शुगर’ म्हणजे मधुमेह आणि ‘शुगरची गोळी’ म्हणजे त्यावरचं औषध. चहात टाकायची ‘शुगर फ्री’ गोळी मात्र औषध नाही. ती रक्तातली साखर उतरवत नाही, फक्त साखरेशिवाय चहा गोड करते. अ‍ॅस्पार्टेम साखरेच्या सुमारे 200 पट गोड असतं आणि सुक्रालोज सुमारे 600 पट. त्यामुळे कणभर पुरतं आणि कॅलरी जवळपास शून्य.

एक चमचा साखर म्हणजे साधारण 5 ग्रॅम, म्हणजेच 20 कॅलरी. मांजरा पट्ट्यात ऊस घरचा, कारखान्याच्या सभासदांना साखर सवलतीत. पाहुण्यापुढे फिका चहा ठेवणं बरं दिसत नाही. दिवसाला पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे धरले, तर साखर 50 ग्रॅम होते. 2000 कॅलरींच्या आहारासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तेवढीच आहे. 25 ग्रॅमच्या आत राहिलं तर आणखी चांगलं. बिस्किटं आणि पेढे यात धरलेले नाहीत.

गोळीमुळे या 200 कॅलरी वाचतात. तरीही वजन कमी करण्यासाठी असे पदार्थ वापरू नयेत, असा सल्ला याच संघटनेनं मे 2023 मध्ये दिला, कारण दीर्घकाळात शरीरातली चरबी कमी होत असल्याचं दिसत नाही. आधीपासून मधुमेह असलेल्यांना हा सल्ला लागू नाही.

याचं एक कारण ताटात शोधावं लागेल. 200 कॅलरी म्हणजे जेमतेम साडेचार चमचे तेल. येसर आमटीवरचा तवंग आणि शेंगदाण्याच्या चटणीवर सोडलेलं तेल हा हिशेब सहज भरून काढतात. ‘शुगर फ्री’ पेढ्यातली साखर जाते, खवा तसाच राहतो.

गुळाच्या चहाचंही तेच. गुळात कॅलरी साखरेपेक्षा थोड्याच कमी, आणि रक्तातली साखर त्यानेही वाढते. ज्वारीच्या पिठातही गव्हाच्या पिठाइतक्याच कॅलरी असतात. भाकरी ‘हलकी’ वाटते, कारण ती तेलाशिवाय भाजली जाते आणि सोबत अंबाडीची भाजी किंवा वरण असतं. येळवशीचं जेवण पोटाला तडस लागेपर्यंत होतं, ते सोडा. पण शेंगा-भाज्यांची भज्जी आणि ज्वारीचं पीठ-ताकाची आंबील एरवीच्या संध्याकाळीही चालेल.

कॅन्सरची भीती? जुलै 2023 मध्ये अ‍ॅस्पार्टेम ‘कदाचित कॅन्सरकारक’ गटात गेलं, पण पुरावा मर्यादित होता. रोजची सुरक्षित मर्यादा वजनाच्या दर किलोमागे 40 मिलिग्रॅमच राहिली. पाच-दहा गोळ्यांनी ती गाठली जात नाही. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी मात्र अ‍ॅस्पार्टेम टाळलंच पाहिजे.

घरात कोणी इन्सुलिन किंवा मधुमेहाची औषधं घेत असेल, तर साखरेचा डबा हाताशी ठेवा. घाम, थरथर, गरगरणं सुरू झालं आणि साखर उतरली असेल, तर गोळी टाकलेला चहा काहीच कामाचा नाही. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे खरी साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा.